परत आणल्यास नऊशे

चाळीस दिवसांसाठी सायकल कोण घेतं,
असं लेक म्हणाली नाही,
पण भाकरी थापताना तिचा हात एकदा थांबला.
जावई म्हणाले, रोजची रिक्षा लावून देतो की.
निषाद म्हणाला, "आज्जी, तुला येती व्हय?"

येते. म्हणजे यायची.
आमच्या देवरुखात सायकल चालवत नाहीत, ढकलतात.
चढाला ती आपल्या हातात, उताराला देवाच्या.
बावीस वर्षं लसींचा डबा कॅरिअरला बांधून
वाड्यांवाड्यांतून हिंडले,
त्यातली निम्मी वाट तिच्या शेजारून चालत.
इथं सोलापुरात रस्ता बघितला,
परातीसारखा सपाट,
आणि गुडघे माझ्याआधी हो म्हणाले.

अशोक चौकाच्या पुढं, बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून
इलाही नदाफांचं दुकान.
सुकत घातलेल्या बांगड्यांसारखे
दोरीवर ओळीनं टायर.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
उंचीसाठी असेल, पण थांबले ते वयापाशी.
"नातवाला पायजे?"
"मला."
"बसा मग, पाणी घ्या आधी."

अडीच हजारांवरून अठराशेवर आलो.
मध्ये दोन चहा झाले,
त्यांच्या मणक्याची आणि माझ्या मोतीबिंदूची चौकशी झाली.
"घंटी वाजते का?"
"वाजती की. ब्रेकपेक्षा चांगली वाजती."

चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात, अर्धं खरवडलेलं:
कु. नागमणी येमूल, ८ वी ब.
"पुसून देतो," म्हणाले, चिंधी रॉकेलात बुडवत.
ही नागमणी आता भिवंडीत आहे,
तिची पोरगीच आठवीत गेली म्हणे.
मी म्हटलं, राहू द्या.
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं त्यांनी लिहून दिलं:
अठराशे पोचले. परत आणल्यास नऊशे. मे अखेर.

पहाटे साडेपाचला निघायचं.
आठनंतर इथलं ऊन माणसाला ओळख दाखवत नाही.
गल्ल्यांतून मागांची खटखट आधीच सुरू,
तिच्या तालावर पायडल मारलं
की कंबर तलाव कधी आला कळायचं नाही.
तिथं पाय टेकवायचे, दम मोजायचा,
डब्यातली शेंगाचटणी नि कडक भाकरीचा तुकडा.
दूधवाला पुढून जाताना चेनकव्हर वाचायचा:
"ओ नागमणी आज्जी, कुठं चाललाव?"
पहिल्या दिवशी सांगणार होते, की मी सुलभा.
दुसऱ्या दिवशी हात हलवला.

रविवारी मिथूला कॅरिअरवर घेतलं.
ती कुत्री मोजायची. चारनंतर तिला येत नाही,
म्हणून परत एकपासून.
होटगी रस्त्याच्या गतिरोधकावर
मी, ती, नागमणी, तिघी आडव्या झालो.
माझं कोपर, तिची चप्पल, बाकी काही नाही.
घरी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं, बोटात बोट अडकवून.
दार उघडताच मिथू म्हणाली,
"आई, आम्ही पडलो नाही."

त्या रात्री लेकीनं कोपराला हळद लावली.
बोलली नाही. नंतर अंधारात विचारलं,
मला का नाही गं शिकवलीस?
मी चढाकडे बोट दाखवणार होते.
पण इथं चढ नव्हता.

शेवटच्या दिवशी कागद पर्समध्ये घेऊन खाली गेले.
निषाद पाना घेऊन बसलेला.
सीट चार बोटं खाली गेली होती.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मी पान्याकडे नाही.
"काय करलालास रे?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.
"काय नाय."
बरं, म्हटलं.
आणि दुकानावरून जाताना रिक्षातून
नदाफांना नुसता हात केला.

आता जून. पर्सच्या कप्प्यात बसच्या तिकिटाशेजारी
ते नऊशे रुपये घडी घालून आहेत.
काल फोनवर मिथू म्हणाली,
"आज्जी, नागमणी पंक्चर झाली."
विळी बाजूला सारून मी विचारलं,
पुढचं चाक की मागचं?